कण्याची गादी

पाठीच्या कण्याला मुळातच बाक असतो. दगडासारख्या गादीवर खांदे-नितंब दबतात नि कंबर अधांतरी राहते, फार मऊ गादीत कंबर रुतून कण्याची झोळी होते. तरीही कंबर धरली की डिचोलीपासून मांडवीकाठच्या आमोण्यापर्यंत सल्ला एकच: फळीवर झोपा! सल्ला देणारा स्वतः बहुधा फोमवर लोळत असतो. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधल्या ३१३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. जुन्या कंबरदुखीवर ९० दिवसांत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. दुकानदाराने यातून एवढाच बोध घेतला, की गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ लिहिले की ती आपोआप महाग होते. वजनदार माणसाला मध्यम वाटणारी गादी सडपातळाला फळीच वाटते, हे लेबलावर मावत नाही.