साळुंखे यांची झटपट प्रयोगशाळा

१९९८ साली सुरू झालेली ‘सीआयडी’ ही दूरचित्रवाणी मालिका २०१८मध्ये संपली आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. मेलेलं असं उठून कसं बसतं, याचंही कारण मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे दोन मिनिटांत सांगतील.

दरवाजे तोडणाऱ्या इन्स्पेक्टर दयाचं कौतुक आजवर पुष्कळ झालं. खरा पराक्रम प्रयोगशाळेतला. मृताच्या नखाखालची माती चंचुपात्रात पडते, निळं पाणी लाल होतं, साळुंखे चष्म्यावरून बघतात आणि एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवतात. मातीवरून गाव कळतं, गावावरून जावई, आणि जावयाला एक थोबाडीत बसली की कबुलीजबाब! पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, ही किरकोळ बाब लेखकाच्या कानावर घालणार कोण? (न्यायालय मालिकेत सहसा येतच नाही, तेवढीच बचत.) शिक्षाही प्रद्युम्नच तोंडी सुनावून मोकळे होतात.

इकडे खऱ्या जगात व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडतो, बरणीला लाखेचं सील लागतं, सोबत पत्र जोडलं जातं आणि ऐवज मुंबईत कालिन्याच्या प्रयोगशाळेकडे निघतो. अहवाल येईपर्यंत तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते. नवीन साहेब बरणी कोणाची, इथून सुरुवात करतात. यावर मालिका काढली तर पहिला भाग संपायलाच २० वर्षं लागतील.

अभिनय? प्रद्युम्न रंगवणारे शिवाजी साटम आधी बँकेत नोकरीला होते. त्यांना प्रत्येक व्यवहारात गडबड दिसते ती उगाच नाही.