जुन्या अटी पुढे चालू राहतील

दुकानाचा मालक बदलला की दारावर फलक लागतो : ‘ग्राहकांनी काळजी करू नये, सेवा पूर्ववत चालू राहील.’ तो वाचेपर्यंत ग्राहकाला काळजी सुचलेलीही नसते. साताऱ्यातल्या एका दुकानात मिक्सरचं गॅरंटी कार्ड घेऊन गेलो, तेव्हा नव्या मालकाने ते दोन्ही बाजूंनी नीट वाचलं. “काका, गॅरंटी एकदम खरी आहे. फक्त ती आधीच्या शेठनी दिलीय, आणि ते आता पुण्याला असतात.” गॅरंटी पुण्याला, मिक्सर साताऱ्याला आणि मी खंबाटकी घाटात गाडी बंद पडल्यासारखा मध्येच उभा.

पण सातारकराने हे फार मनाला लावून घेऊ नये. आमच्या गावाला याहून मोठ्या गॅरंटी कार्डाचा अनुभव आहे. 25 सप्टेंबर 1819 रोजी ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य महाराजांनी आणि त्यांच्या वारसांनी पिढ्यानपिढ्या भोगावं, असा त्यात शब्द होता. 1839 मध्ये कंपनीने महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं, भावाला गादीवर बसवलं. 1848 मध्ये भाऊही वारले. त्यांनी शेवटच्या घटकेला घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. पिढ्यानपिढ्यांचा हिशेब 29 वर्षांत आटोपला.

या सगळ्यात मला जवळचे वाटतात ते रंगो बापूजी गुप्ते. महाराजांची तक्रार घेऊन ते थेट कंपनीच्या मुख्य कचेरीत, लंडनला गेले आणि तिथे 14 वर्षं राहिले. अर्ज, विनंत्या, पुन्हा अर्ज. ज्यांच्यासाठी आले ते महाराज 1847 मध्ये काशीत वारले, मागून राज्यही गेलं, तरी रंगो बापूजींनी तक्रार मागे घेतली नाही. आपण ग्राहक सेवा केंद्राचं वाजंत्री दहा मिनिटं ऐकून फोन आपटतो! कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांची बाजू मांडणारे इंग्रजही निघाले. सभेत भाषणं चांगली झाली. निकाल जिथे लागायचा तिथे मात्र विरुद्धच लागला. 1853 मध्ये ते रिकाम्या हाताने परतले. पुढची हकिगत विनोदात बसत नाही. 1857 मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर ज्या 17 जणांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा होता. आणि स्वतः रंगो बापूजी गुप्त झाले ते इंग्रजांना कधी सापडलेच नाहीत.

वर्षभरातच खुद्द कंपनीचा मालक बदलला. 1 नोव्हेंबर 1858 रोजी राणीचा जाहीरनामा निघाला : कंपनीने इथल्या राजेरजवाड्यांशी केलेले तह आणि करार आम्हाला मान्य आहेत, ते आम्ही कसोशीने पाळू. ‘सेवा पूर्ववत’चा इतका भारदस्त फलक पुन्हा कुणी लावला नसेल. साताऱ्याला त्याचा काय उपयोग? आमचं खातं दहा वर्षांपूर्वीच बंद झालेलं. सांगलीच्या पटवर्धनांचं खातं चालू होतं, ते 1948 पर्यंत चाललं. पुढे संस्थानिकांच्या तनख्याची हमी राज्यघटनेत लिहिली गेली आणि 1971 मध्ये घटनादुरुस्तीने पुसलीही गेली. (तनखे जायलाच हवे होते, पण लेखी हमीवर विसंबणाऱ्यांनी तारीख ध्यानात ठेवावी.) या सगळ्या उलाढालीत एक हमी मात्र चोख पाळली गेली. 1833 च्या कायद्याने कंपनीच्या भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश ठरवून दिला होता, तोही हिंदुस्थानच्या महसुलातून. कंपनीचं राज्य गेलं तरी तो 1874 पर्यंत सुरळीत मिळत राहिला.

आमच्या काळात चित्र जरा उलटं होतं. अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्यात 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली आणि 1936 मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक. विमा कंपनी 1956 मध्ये आयुर्विमा महामंडळात गेली. बँकेवर 2 सप्टेंबर 2006 रोजी निर्बंध आले, खात्यातून 10 हजारांच्या वर काढता येईना. तेही घरोघर गणपती बसलेले असताना! त्या दिवसांत आरतीला उभ्या राहिलेल्या कित्येक ठेवीदारांचं लक्ष मूर्तीपेक्षा पासबुकावर असणार. महिन्याभरात, 3 ऑक्टोबरला, बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांचा पैसा शाबूत राहिला, भागधारकांच्या हाती शेअरमागे 28 रुपये आले. तिकडे 1916 पासूनची सांगली बँक 19 एप्रिल 2007 रोजी आयसीआयसीआयमध्ये गेली. माझं घर साताऱ्याचं, सासुरवाडी सांगलीची. त्यामुळे आठ महिन्यांच्या आत दोन्हीकडची पासबुकं बदलली आणि आम्ही जावई-सासरे आयुष्यात प्रथमच एका विषयावर एकमताने बोललो.

अशा विलीनीकरणात ठेवी, कर्जं, लॉकर, कर्मचारी, सगळ्यांची तजवीज असते. जमा-नावे काटेकोर नव्या घरी जातात. सही जुळत नसली तरी “असू दे, हात कापतो त्यांचा” म्हणणारा कॅशियर मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याची कुणी हमीही दिलेली नसते, त्यामुळे तक्रार कसली करणार?

सासरे जुनी मुदत ठेवीची पावती घेऊन गेले, तेव्हा काउंटरवरच्या तरुण मुलीने कॉम्प्युटरकडे पाहून सांगितलं, “आजोबा, मुदत संपेपर्यंत ठरलेलंच व्याज मिळेल.”

“कोण म्हणतं?”

“सिस्टीममध्ये तसं आहे.”

“बरं,” सासरे खुर्ची पुढे ओढून बसले, “मग त्यांना जरा बाहेर बोलवा.”