घेरमास्तर

पोळा सरला आणि गणपती बसले की परभणी जिल्ह्यातल्या कॉलेजांना युवक महोत्सव आठवतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं पत्र नोटीस बोर्डावर लागतं, सांस्कृतिक विभागाचे सर मिशीवरून हात फिरवतात आणि लोकनृत्यात काय बसवायचं याच्यावर बैठक होते. बैठक कशाला होते कळत नाही, कारण गोंधळच बसणार हे शिपायालाही ठाऊक असतं. राजारामबापू कदमांसारखा गोंधळमहर्षी ज्या परभणीनं दिला, तिथल्या पोरांनी भांगडा करून दाखवला तर देवी रागावेल ते वेगळंच, आधी गाव रागावेल.

गोंधळ ठरला की दुसऱ्या दिवशी घेरमास्तर हजर. त्यांना बोलवावं लागत नाही.

घेरमास्तर हा एक माणूस नव्हे, ते वाण आहे. इथल्या कृषी विद्यापीठानं ज्वारीला 'परभणी मोती' आणि भेंडीला 'परभणी क्रांती' अशी नावं दिली, या वाणाला तेवढं नाव द्यायचं राहून गेलं. मानवतला एक सापडतो, सेलूला एक, गंगाखेडला दोन आहेत आणि त्या दोघांचं आपसात बोलणं नाही. कुणी निवृत्त चित्रकलाशिक्षक असतो, कुणी शिलाई मशीन बंद पडलेला शिंपी. जन्मात नाचलेला मात्र एकही नसतो. गुडघा नेमका गोंधळातच गेला असं प्रत्येक जण सांगतो. स्वतःच्या अंगावर धुऊन धुऊन घोट्याच्या वर चढलेली टेरिकॉटची पँट आणि बटणाच्या जागी सेफ्टी पिन. दुसऱ्याच्या झग्याला मात्र बोटभर कमी घेर चालायचा नाही.

कच्छी बाजारातल्या कापडाच्या दुकानात हा मनुष्य शिरताना बघावा. मागे सर, सरांच्या मागे दहा पोरं. दुकानदार ओळखून असतो. तो आधी पंखा बंद करतो. कारण मास्तर पहिलं काम करतात ते तागा उलगडून पंख्यासमोर धरायचं. कापड फडफडलं तर नापास. पंख्याच्या वाऱ्यावर जरा विचार करून मग उठलं तर पुढच्या परीक्षेला पात्र.

पुढची परीक्षा आगीची. काठाचा एक धागा उपसायचा, दुकानाच्या पायरीवर यायचं आणि काडी ओढायची. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटानं चुरली तर राख झाली, म्हणजे कापड सुती. वितळून टोकाला काळा टणक मणी धरला, म्हणजे पॉलिएस्टर. मग तो मणी तळहातावर घेऊन मास्तर सरांना दाखवतात.

"सर, ह्ये काय हाय?"

"मणी."

"ह्यो मणी उद्या पोराच्या मांडीला चिकटंल. दिवटी काय लाइटिंग हाय का? तेल गळतंय तिच्यातनं."

सर गप्प होतात, कारण त्यांनी मनातल्या मनात लाल साटीन आधीच पसंत केलेलं असतं. साटीन फोटोत चमकतं, स्वस्त पडतं आणि मागच्या वर्षी पहिल्या आलेल्या कॉलेजानं तेच वापरलं होतं. मास्तरांच्या लेखी साटीन म्हणजे बँडवाल्यांचं कापड. एरवी मला हा माणूस अति वाटतो, पण दिवटीचा मुद्दा त्यांचा शंभर टक्के खरा. पोत नाचवणाऱ्याच्या अंगावर कृत्रिम धागा असूच नये.

मग माप. इथं कॉलेजनं ठरवलेला टेलर आणि मास्तर यांची जुंपते. टेलर छाती, कंबर, उंची घेऊन वही मिटतो. मास्तर म्हणतात, "उभ्या माणसाचं माप झालं. फिरत्या माणसाचं कोण घेणार?" आणि पोराला भर दुकानात गिरकी घ्यायला लावतात. पोरगं लाजतं. "आरं लेका, लाजायलास कामून? गरकन फिर." पोरगं फिरतं, काउंटरवरचा गल्ला थोडक्यात वाचतो. मास्तर उकिडवे बसून त्याच्या पायांकडं बघत असतात. झगा पायघोळ हवा, पण गिरकीत पायातले चाळ दिसले पाहिजेत. खाली घेर सहा मीटर, कळ्या लावून. दहा पोरांचे साठ मीटर, वर कोरं कापड भिजल्यावर आटतं म्हणून जास्तीचं. सरांच्या खिशातलं बजेट इथं पहिल्यांदा कण्हतं.

पण मास्तरांचा खरा हट्ट पुढेच आहे. संबळवाल्याच्या झग्याला पुढून चुणी नको. सगळ्या चुण्या मागं आणि बाजूला. संबळ कंबरेला बांधलेला असतो. पुढं चुण्यांचा ढीग झाला की दोरी घसरते, संबळ कलतो आणि ठोका चुकतो. टेलर म्हणतो असा झगा कुणी घालत नाही. सर म्हणतात दहाही झगे एकसारखे दिसायला हवेत. मास्तर एकटे पडतात.

अशातच एका मास्तरांच्या भाच्यानं थेट ग्लासगोहून मदत पाठवली. भाचा तिथं नोकरीला. त्यानं किल्ट, म्हणजे तिकडचा पुरुषांचा चुण्यांचा घागरा, घालून स्कॉटिश नाच करतानाचा फोटो मामांना व्हॉट्सॲपवर धाडला. तिथं या नाचाची १९२३ साली निघालेली संस्थाच आहे. पुरुष आणि बायका समोरासमोर रांगा धरून नाचतात. घरच्यांनी फोटोवर हसून घेतलं. "जगात जर्मनी, भारतात परभणी, ह्यात स्कॉटलंड कुठून आलं?" मास्तर हसले नाहीत. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि रात्री साडेदहाला भाच्याला फोन लावला.

चुण्या कुठं? मागं. पुढं? सपाट, एकावर एक पदर. कापड किती? पुऱ्या घेराच्या किल्टला आठ वार, लोकरी. "म्हंजी नऊवारीपेक्षा एक वार कमी," मास्तरांनी नोंद केली. भाच्यानं सांगितलं की जाड कापडात नाचताना जीव जातो, म्हणून नाचणारे हलकं घेतात, पण फार हलकं घेतलं तर चुण्या गिरकीत नीट उठत नाहीत. मास्तरांचे डोळे पाणावले. पंख्याची परीक्षा सातासमुद्रापार मान्य झाली होती. १७४६ सालच्या कायद्यानं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली आणि ती १७८२ साली उठली, हेही भाच्यानं सांगितलं. "छत्तीस वर्षं!" मास्तर म्हणाले. "आन् तरी चुण्या मागंच ठेवल्या. मोठा इमानदार शिंपी म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी तो फोटो टेलरच्या मशीनपाशी चिकटवलेला होता. संबळवाल्याचा झगा पुढून सपाट शिवला गेला. मास्तरांच्या युक्तिवादानं न हललेला टेलर परदेशी गुडघे बघून हलला, याचं मास्तरांना दुःख झालं असेल, पण ते बोलले नाहीत. फार तर दोनशे वेळा.

महोत्सवात ते पहिल्या रांगेत बसतात. अख्खं सभागृह दिवटीकडं, नायकाच्या तोंडाकडं बघत असतं; यांची नजर जमिनीपासून दोन वितींवर खिळलेली. नंतर कुणी विचारलं, "मास्तर, गोंधळ कसा झाला?" तर उत्तर येतं, "डावीकडून तिसऱ्याची कळी उसवली होती." बक्षीस मिळालं की नाही, हे त्यांना घरी गेल्यावर बायकोकडून कळतं.

तेव्हा यंदा तुमच्या कॉलेजात गोंधळ बसणार असेल तर साटीनचा ॲडव्हान्स देण्याआधी घेरमास्तर गाठा. कापड सुती घ्या, कापण्याआधी भिजवा, संबळवाल्याचा झगा पुढून सपाट ठेवा. भाषण ऐकावं लागेल, चहा दोनदा पाजावा लागेल. त्याला इलाज नाही.