सहा गिगाहर्ट्झचा हट्ट

घरातला वायफाय राउटर सहसा तिथेच बसतो, जिथे केबलवाल्याने भोक पाडले असेल. तो घराच्या मध्यावर आणायला कसलाच परवाना लागत नाही. बहुधा म्हणूनच कोणी आणत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती बऱ्यापैकी ओलांडतात, पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र भिंतींपुढे लवकर दमणारा. ६ त्याहून नाजूक, आणि भांडण नेमके त्याचेच. अमेरिकेने २०२० मध्ये या पट्ट्यातले १२०० मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. भारताने मे २०२५च्या मसुद्यात खालचे ५०० देऊ केले. मोबाइल कंपन्यांना अर्थातच तेही स्वतःसाठी हवे होते. मसुद्यात तेलफलाटांवर वापराला मनाई होती. भर समुद्रात मालिका पाहण्याचा बेत असणाऱ्यांनी नोंद घ्यावी.