निवांत कोकण

लहान मुलांना घेऊन समुद्रावर जाणं म्हणजे ‘जरा निवांत होणं’, असा आपल्याकडे एक समज आहे. हा निवांतपणा मुंबई-गोवा महामार्गावरच सुरू होतो. चौपदरीकरणाला २०११ साली हात लागला, तेव्हा पाळण्यात असलेलं लेकरू आता दहावीच्या घरात आलंय आणि मागच्या सीटवरून धाकटं विचारतंय, “अजून किती लांब?”

गणपतीपुळ्याला उतरल्यावर समुद्राआधी दिसतो तो मॅगीचा स्टॉल. घरी वरणभाताला नाकं मुरडणारी मंडळी लाटांकडे पाठ करून नूडल्स ओढतात. भरती दिवसातून दोनदा येते, ‘आई, शू!’ मात्र ओले कपडे बदलून, पावडर लावून झाल्यावरच येते. आई वाळूने जड झालेल्या चड्ड्या पिळते. बाबा ‘मी बॅगा सांभाळतो’ म्हणत मोबाइल सांभाळतात आणि अधूनमधून, ‘समुद्र धोकादायक आहे’ या पाटीला टेकून, “पुढे जाऊ नका रे!” असं ओरडतात.

संध्याकाळी मावळतीसमोर सगळ्यांना दटावून हसवलं जातं आणि फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो. खरी विश्रांती सोमवारी, ऑफिसच्या खुर्चीत मिळते. तिथेच मग दिवाळीचं बुकिंगही उरकतात.