मार्जारबालकांच्या छायाचित्रणास लागणारा सरंजाम

उपवर मुलामुलींचे फोटो काढणाऱ्याचा धंदा जसा निव्वळ कलेचा नसून निम्म्याहून अधिक वकिलीचा असतो, तसाच निवाऱ्यात आश्रयाला असलेल्या मांजराच्या पिल्लांचे, कोणा सहृदय कुटुंबाने त्यांस घरी न्यावे या हेतूने, फोटो काढणाऱ्याचाही असतो. फरक इतकाच, की उपवर मुलगी घटकाभर खुर्चीवर बसते आणि पिल्लू बसत नाही. पुढील सर्व खर्च या एका फरकातून उद्भवतो. सबब हे मार्गदर्शन दुकानात जाण्यापूर्वी वाचावे. दुकानातून परतल्यावर वाचल्यास मनस्ताप होतो.

हे काम नवे नाही. १८७० च्या दशकात इंग्लंडातील ब्रायटन येथे हॅरी पॉइंटर नावाच्या गृहस्थाने मांजरांना तीनचाकी सायकलीवरसुद्धा बसवून फोटो काढले व ते विकलेही. त्या काळच्या प्लेटींना लागणारा अवधी ध्यानी घेता, त्याच्यापाशी कॅमेऱ्यापेक्षा दुधाचा साठा मोठा असावा, असा माझा तर्क आहे.

प्रथम लेन्स. नवशिक्याची दृष्टी तोफेसारख्या दिसणाऱ्या ७०-२०० च्या झूमवर खिळते, तशी माझीही खिळली. आणि दीड किलोची ती वस्तू गळ्यात अडकवून, तिची मऊ अस्तराची पिशवी काखेत मारून, ज्या दिवशी मी पुण्याच्या एका उपनगरातील निवाऱ्यात प्रविष्ट झालो, त्याच दिवशी मला दोन शोध लागले. पहिला असा, की सुमारे सव्वा मीटरच्या आत आलेल्या कोणत्याही प्राण्याची दखल घेण्यास ही लेन्स साफ इन्कार करते. आणि दुसरा असा, की दहा बाय आठच्या खोलीतील पिल्लांना सव्वा मीटर दूर राहण्याचे काहीच प्रयोजन दिसत नाही. त्या दिवशीच्या बेचाळीस फोटोंपैकी सदतिसांत करडे धुके होते व उरलेल्या पाचांत पाठमोऱ्या शेपट्या. म्हणून ५० मिलिमीटरची, १.८ अपर्चरची, बहुतेक कंपन्यांच्या यादीत अगदी तळाशी असणारी स्वस्त लेन्स घ्यावी. मात्र तिच्या १.८ ला भुलू नये. हातभर अंतरावरून त्या अपर्चरवर स्पष्टतेचा पट्टा सेंटिमीटरभरही रुंद राहत नाही, म्हणजे डोळे रेखीव येतात आणि नाक अफवेसारखे संदिग्ध राहते. नेणाऱ्याला तर नाकही हवे असते. चारपर्यंत यावे.

शटरच्या बाबतीत मात्र दोन सार्वभौम सत्तांचा तंटा उभा राहतो. उगारलेला पंजा जागच्या जागी थिजवायचा तर सेकंदाचा पाचशेवा हिस्सा लागतो. परंतु आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असते, आणि त्याहून घाईने शटर मारले की निम्म्या फोटोवर कावीळ झाल्यासारखा पट्टा उमटतो. शंभरावा हिस्सा ठेवावा, तर वीज संतुष्ट आणि पिल्लाला सहा पाय. यात तडजोड नाही. ट्यूब बंद करून खिडकीपाशी जावे आणि आयएसओ १६००, प्रसंगी ३२०० करण्यास कचरू नये; फोटो दाणेदार आला म्हणून पिल्लू परत केल्याचे एकही उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. फ्लॅश घरी ठेवावा. मांजराच्या डोळ्यात, पडद्यामागे, प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे समोरून फ्लॅश उडताच निरागस बालकाच्या जागी स्मशानातले दोन हिरवे दिवे येतात.

२०१९ साली सोनीने प्राण्यांचा डोळा आपण होऊन हेरणारा फोकस आणला, तेव्हा तसा एक कॅमेरा मी मित्राकडून उसना नेला. कॅमेऱ्याने पिल्लाचा डोळा अचूक पकडला आणि पिल्लाने कॅमेऱ्याचा पट्टा.

डोळ्यांच्या रंगाविषयी एक कायदेशीर सूचना. पिल्लाचे डोळे जन्मानंतर एक-दोन आठवड्यांनी उघडतात ते निळे असतात, आणि सहा-सात आठवड्यांनी तो निळेपणा ओसरू लागतो. तेव्हा महिन्याच्या पिल्लाच्या फोटोखाली ‘निळ्या डोळ्यांचे’ असा मजकूर घालणे म्हणजे वराच्या हंगामी नोकरीला कायम म्हणून सांगण्यापैकीच होय.

खरी कसोटी काळ्या पिल्लाची. आडवे जाण्याबद्दल त्याच्या कुळाची आधीच बदनामी, त्यात कॅमेराही त्याचा वैरी. कॅमेऱ्याचे मीटर साऱ्या सृष्टीला मध्यम करडी समजून चालते, म्हणून काळ्याने चौकट भरली की तो राखी येतो. आणि त्याला पांढऱ्या फरशीवर ठेवले, तर फोटोत मांजराच्या आकाराचे एक भोक पडलेले दिसते. त्याला विटकरी चादरीवर घ्यावे, उजेड बाजूने येऊ द्यावा, म्हणजे मिशा आणि पाठीची कड सुटी होते. मी हे सारे शास्त्रोक्त करीत असता खराटा हाती घेतलेल्या तेथील मावशी बराच वेळ पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अहो दादा, आडवे व्हा की जरा. उभ्यानं नुसतं टाळकंच येतंय त्याचं.”

मी आडवा झालो. तेव्हापासून माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर सतरंजी आहे, दुसऱ्यावर मावशींच्या खराट्यातला एक हीर (लेन्सच्या वर हलवला असता पिल्लू थेट कॅमेऱ्यात पाहते), आणि कॅमेरा तिसऱ्यावर. ती ७०-२०० मी निम्म्या किमतीत विकली. पिशवी मात्र त्या सौद्यात देता आली नाही, कारण तीत चौघे झोपले होते. तिघांना घरे मिळाली. काळा अजून तेथेच आहे: वय साडेतीन महिने, लसी टोचलेल्या, डोळे आता पिवळे, पिशवी सोबत मिळेल.