शिड्यांचा मुलूख

भंडारदऱ्याच्या मुलखात शिडी ही चीज अजून लोखंडाची असते. बारीहून कळसूबाई चढायला लागलं की कातळाच्या उभ्या टप्प्यांवर त्या भेटतात. पावसाने गंजलेल्या, हातांनी गुळगुळीत केलेल्या. कठड्याचा नळ मुठीत धरला की दुपारीही गार लागतो आणि पायरीच्या फटीतून खालची भातखाचरं दिसतात. वरून उतरणाऱ्या आजीबाई अनवाणी, डोक्यावरचा पदर न ढळू देता ‘सावकाश या’ म्हणतात. खालून चढणारा तरणाताठा गडी कडेला होतो आणि दम लागलाच नाही असा आव आणून मोबाइलमध्ये बघत राहतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. तिथवर शिडी फुकट आहे; गुडघे तेवढे आपले आणावे लागतात.

माझ्या भाच्याला यात धंद्याचं धडधडीत नुकसान दिसतं. ‘‘मामा, पहिली शिडी फ्री ठेवायची. दुसरीला जाहिरात दाखवायची. तिसरीला पैसे. नसतील द्यायचे तर बसा अर्धा तास खडकावर.’’ तो थट्टा करत नव्हता. मोबाइलवरच्या कँडी क्रश या खेळात पाच जीव संपले की एकेक जीव परत यायला अर्धा तास लागतो आणि तेवढा धीर नसणाऱ्याकडून पैसे घेतले जातात. वाट पाहणं आमच्या पिढीला इतकं मुबलक मिळालं की त्याला काही किंमत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. एसटीची पाहिली, निकालाची पाहिली, गॅसच्या नंबराची पाहिली. ती टाळण्याचे पैसे मिळतात हे तेव्हा सुचलं असतं, तर अकोल्याच्या स्टँडवर नुसती चटई अंथरून मी लक्षाधीश झालो असतो.

भाचा स्वतः मात्र वाट पाहण्यात चांगला मुरलेला आहे. जीटीए या खेळाचा पाचवा भाग आला २०१३ साली. सहाव्याची पहिली झलक दाखवली डिसेंबर २०२३ मध्ये. मग २६ मे २०२६ ही तारीख दिली, मग ती १९ नोव्हेंबर २०२६ झाली. तारीख पुढे गेली की घरातलं कुणी दवाखान्यात असल्यासारख्या आवाजात तो मला कळवतो. म्हणून त्याला भंडारदऱ्याच्या विल्सन धरणावर नेऊन उभं केलं. काम सुरू झालं १९१० साली, उद्घाटन डिसेंबर १९२६ मध्ये, गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. ऐंशी मीटरच्या वर उंच दगडी भिंत, आणि मध्ये एक अख्खं महायुद्ध येऊन गेलेलं. त्याने भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. ‘‘सोळा वर्षं! आणि ट्रेलरसुद्धा नाही?’’ मग बऱ्याच वेळाने, ‘‘पण नंतर काही अपडेट?’’ आले की. पुढे गळती लागली तेव्हा मागून टेकू देऊन भिंतीला बळकटी आणावी लागली. धरण झालं म्हणून काय, ते थोडंच कुणाला चुकतं!

तंत्रज्ञानाच्या बातम्या मला अशा भाच्याकरवी मिळतात आणि त्यांवर माझी मतं ठाम असतात, कारण त्यांतली एकही वस्तू मी घेणार नसतो. फोन दरवर्षी आणखी पातळ का करतात हे मला उमगत नाही. चाळिशीनंतर माणसाला हातात काहीतरी धरल्यासारखं वाटायला हवं असतं. घडीचा फोन मला आवडला, पण त्याची घडी माझ्याच्याने परत व्हायची नाही. पुराव्यादाखल घरातले नकाशे आहेत.

खेळांबद्दल मात्र मला प्रवरेची बाजू घ्यावीशी वाटते. ही नदी रतनगडाकडून येते, धरणात थबकते आणि खाली थेट नेवाशाला जाते. तिच्या काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच ज्ञानेश्वरांनी आणि निवृत्तिनाथांनी मुलांसाठी मोक्षपट रचला असं परंपरा मानते. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या घरात पडलात तर शिडी, दुर्गुणाच्या घरात पडलात तर साप, आणि सगळ्यांच्या वर मोक्ष. हिंदुस्थानातले असले पट इंग्रजांबरोबर विलायतेला गेले, तिथे मोक्ष गळाला आणि नुसता शंभराचा आकडा उरला. मग १९९७ साली नोकियाने ६११० या फोनात नुसता साप ठेवला. शिडीच काढून टाकली. तो खात जातो, लांबत जातो आणि शेवटी स्वतःलाच चावून मरतो. यात अध्यात्म नाही असं कुणी म्हणू नये. आताच्या खेळांनी शिडी परत आणली, पण पैसे मोजायला लावून. आणि त्या खेळांचं स्वतःचं नशीब बघा. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. २०२१ मध्ये तो बीजीएमआय नाव घेऊन उगवला, २०२२ मध्ये पुन्हा अंतर्धान पावला, २०२३ मध्ये पुन्हा प्रकटला. एवढं वरखाली तर तो खेळणाऱ्या पोरांनीही केलं नसेल.

शेजारच्याच सिन्नर तालुक्याचे माणिकराव कोकाटे कृषिमंत्री असताना जुलै २०२५ मध्ये सभागृहात त्यांच्या मोबाइलवर रमी दिसली. आपण मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा. मोक्षपट आखणाऱ्याला इतकी नेमकी शिडी सुचली नसती; की तो साप म्हणायचा, यावर भाच्याचं आणि माझं अजून एकमत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला, तोवर बऱ्याच जणांचे पगार त्या सापाने गिळले होते.

असले खेळ फोनात घेताना अटी न वाचता ‘मान्य आहे’वर बोट ठेवणारे आपण सगळे. त्यात अपवाद एक, तोही इथलाच. कळसू नावाची कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या अटीवर, असं लोककथा सांगते. एकदा पाहुणे आले आणि भांडी तिच्यापुढे टाकली गेली. तिने ती घासली, काही बोलली नाही, आणि डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. स्वतःच्या अटी स्वतः घालून, त्या मोडल्यावर स्वतःला अनइन्स्टॉल करून शिखरावर जाऊन बसलेली दुसरी कुणी माझ्या माहितीत नाही. वर तिच्या देवळाशी फोनला रेंज छान येते.

माझी सापशिडी आजीबरोबरची. पट लुडोच्या मागच्या बाजूला, घड्यांवर फाटलेला, आणि नव्व्याण्णवाच्या अलीकडे तोंड वासून बसलेला लांबलचक हिरवा साप. माझी सोंगटी नेमकी त्याच्या तोंडात पडायची. आजी चष्मा नाकावर घसरवून पटावर वाकायची, सापाला नीट निरखायची आणि कुजबुजायची, ‘‘झोपलाय तो. हळूच जा पुढं.’’ मी बोटाच्या टोकाने सोंगटी उचलून, श्वास रोखून, पलीकडच्या घरात ठेवायचो. तिची सोंगटी त्याच घरात पडली की मात्र साप हटकून जागा असायचा आणि ती निमूट तळाला जायची. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘असं फीचर कुणी देत नाही, मामा.’’

संध्याकाळी त्याला घाटघरला नेलं. इथे वर एक धरण आहे, कड्याखाली कोकणात चोंढ्याच्या बाजूला दुसरं. मधला उतार चारशे मीटरच्या आसपास. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज काढतात आणि रात्री, विजेला गिऱ्हाईक नसतं तेव्हा, तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवतात. २००८ पासून हे चाललंय. मी म्हणालो, बघ, सह्याद्रीतली सर्वांत मोठी सापशिडी. रात्री शिडी, संध्याकाळी साप, आणि चढवायला लागते त्याहून कमी वीज परत मिळते.

‘‘म्हणजे गेम लॉसमध्ये?’’

‘‘तोटा कसला? रात्रीची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग.’’

तो कठड्याला रेलून खाली कोकणाकडे बघत राहिला. मग एकाएकी चेहरा उजळला. ‘‘म्हणजे शिडी रात्रीच्या सेलमध्ये घ्यायची आणि साप संध्याकाळी भाव वाढला की विकायचा! मामा, हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो कुठल्या गेम कंपनीत होता?’’

पाटबंधारे खात्यात, मी म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही.